उंबरमाळीच्या अंगणातली स्ट्रॉबेरी



मागच्या हिवाळ्यात सूनबाईने महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीची चार रोपे आणली. ती दुसऱ्या समाजातली. आमच्या उंबरमाळीच्या अंगणात स्वतःच्या हातचे काहीतरी असावे, एवढीच तिची हौस. मी मात्र पटकन बोलून गेले, "अगं, केवढ्या बिया! बहुबीज आपल्याकडे चालत नाही." तिचा चेहरा उतरला. रात्री मलाच झोप येईना. कॉमर्स शिकलेली मी, जमाखर्च न मांडताच निकाल दिला! म्हणून या फळाची कुळकथा वाचायला घेतली.

बाजारातली मोठी स्ट्रॉबेरी मुळात रानात नव्हतीच. ती संकरित आहे. १७१४ मध्ये फ्रेझिए नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने चिलीहून मोठ्या फळाची रोपे जहाजाने फ्रान्सला आणली. महिनोन्‌महिन्यांचा प्रवास, पिण्याचे पाणी मोजके, तरी पाच रोपे जगली. पण ती सगळी मादी झाडे. फुलायची, फळ धरायची नाहीत. पुढे ब्रिटनी भागात त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनिया स्ट्रॉबेरी लागली, तेव्हा फळे आली. या दोन जातींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्मली. हा संकर आहे, हे दुशेन या फ्रेंच अभ्यासकाने १७६६ मध्ये लिहून ठेवले. इंग्रजांच्या काळात हे फळ महाबळेश्वरला आले आणि तिथल्या लाल मातीत, थंड हवेत रुजले. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आणि बिया? वनस्पतिशास्त्र सांगते, वरचा प्रत्येक ठिपका हेच खरे फळ, त्यात एकच बी. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. पण म्हणून नियमाला पळवाट काढायची नाही. ज्यांचा त्याग आहे त्यांनी महाराजसाहेबांनाच विचारावे. मी खात नाही.

पण आमच्या गावाच्या नावातच उंबर आहे. उंबराचे फळ आपल्याला वर्ज्य. म्हणून उंबर कोणी तोडतो का?

सकाळी मीच सुनेला म्हटले, "कुंड्या सकाळच्या उन्हात ठेव, दुपारी सावलीत. फवारणी मात्र नको, जीव मरतात." जानेवारीत सात फळे आली. मार्चच्या उन्हात रोपे सुकली. यंदा ती पुन्हा आणणार आहे. कुंड्या मी भरून ठेवल्या आहेत.