दीर्घनिवासी हॉटेल
आठवड्या-महिन्याच्या मुक्कामासाठी बांधलेले, खोलीतच स्वयंपाकाची सोय असलेले हॉटेल. अमेरिकेत या प्रकाराला आकार दिला जॅक डीबोअर यांनी. कॅन्सस राज्यातील विचिटा येथे 1975 मध्ये त्यांनी ‘रेसिडेन्स इन’ सुरू केले. 1987 मध्ये मॅरियटने ही साखळी विकत घेतली.

मुक्काम लांबला की रोजचा दर सहसा उतरतो. टेक्सासमध्ये सलग 30 दिवस राहणाऱ्याला हॉटेल-करातून सूटही मिळते. पण खरी बचत शेगडी आणि फ्रिजमुळे होते. पथ्यावर असलेला रुग्ण, लहान मुलांचे कुटुंब, बदलीच्या गावी घर शोधणारा नोकरदार यांना रोजचे बाहेरचे जेवण परवडत नाही आणि पचतही नाही. फोडणी मात्र जपून घालावी. धुराची घंटा मोहरी आणि आग यांत भेद करत नाही!

दोन रात्रींच्या प्रवाशाला यातले फारसे काही उपयोगी पडत नाही.

स्वस्त साखळ्यांत सफाई बहुधा आठवड्यातून एकदाच होते, उपाहारगृह नसते आणि काही ठिकाणी भांडीही मागून घ्यावी लागतात. अमेरिकेत अशा अनेक इमारती महामार्गालगत असल्याने गाडीवाचून अडते. मुदतीआधी खोली सोडल्यास सवलतीचा दर रद्द होऊ शकतो, म्हणून आरक्षणाच्या अटी आधीच वाचाव्या लागतात.