बेल्ट नवा, कप्पी जुनी

टायमिंग बेल्टची मुदत भरली की गॅरेजात ठरलेला वाद रंगतो. मेस्त्री म्हणतो, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, सगळं किटच टाकू या. मालक म्हणतो, बेल्ट तेवढा बदला. बाकीचं चालतंय ना, मग राहू दे. मालकाला कंजूष ठरवून वाद मिटवता येतो, पण त्याची बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. तिचं खंडन करायचं तर आधी ती त्याच्याहून नीट मांडायला हवी.

दुसऱ्या महायुद्धात सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडसाठी काम करत होते. विमानांच्या देखभालीच्या नोंदी पाहताना त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर होणारी तपासणी पार पडली की बिघाड घटायचे सोडून एकदम वाढत आणि मग हळूहळू उतरत. नीट चाललेल्या यंत्राला हात लावल्यानेच काहीतरी बिघडत होतं. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालात विमानाच्या सुट्या भागांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ८९ टक्के भागांना वयाची मुदत घालून काहीच लाभ नव्हता; ते म्हातारपणामुळे बिघडतच नव्हते. आता मालकाचं म्हणणं पुन्हा ऐका: लाखभर किलोमीटर बिनतक्रार फिरलेली कप्पी काढून डब्यातली नवी, न पारखलेली कप्पी का बसवायची? या पूर्वपक्षाला ‘साहेब, सगळे असंच करतात’ हे उत्तर पुरत नाही.

मेस्त्रीचं नेहमीचं समर्थनही मला पटत नाही. तो म्हणतो, सगळं उघडलंच आहे, मजुरी एकदाच लागेल. हे खरं आहे, पण हा निकष लावला तर हाताला लागेल ती प्रत्येक वस्तू बदलावी लागेल: थर्मोस्टॅट, होजपाइप, इंजिनाचं माउंटिंग, आणि बिलाला अंत राहणार नाही. मालकाच्या मनात संशय शिरतो तो इथूनच, आणि त्यात त्याची चूक नाही.

निकष वेगळा आहे. तो भाग बेल्टच्या वाटेवर आहे का, आणि तो गेला तर बेल्टला घेऊन जाईल का?

डस्टर, लोगन, टेरानो या गाड्यांतलं रेनॉचं १.५ लिटरचं के९के डिझेल इंजिन घ्या. त्यात एकच दातेरी बेल्ट क्रँकवरून निघून कॅम, डिझेलचा हाय-प्रेशर पंप आणि पाण्याचा पंप असे तिन्ही फिरवतो. टेन्शनर त्याला ताणून धरतो. बेल्टने दात सोडले तर कॅम आणि क्रँकचा मेळ तुटतो, उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांना भिडतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्टला मात्र आपण कशामुळे गेलो याच्याशी देणंघेणं नसतं. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं, तर फिरत्या बेल्टची पाठ थांबलेल्या कप्पीवर घासून जळते. पंपाच्या बेअरिंगला खेळ आला, तर त्याची पुली कलते, बेल्ट कडेला सरकतो आणि कड उसवते. पंपाचं सील गेलं तर कुलंट बेल्टवर उडतो. कूलिंगमध्ये बोअरचं क्षारयुक्त पाणी भरण्याची सवय असेल, तर सीलचं आयुष्य आणखी घटतं. तिन्ही वेळी तुटतो तो नवाकोरा बेल्ट, आणि दोष त्याच्या माथी बसतो.

आता ‘चालतंय ना’ याचा अर्थ पाहू. ताशी सरासरी ४० किलोमीटरने १ लाख किलोमीटर म्हणजे २५०० तास. सरासरी २००० आरपीएम धरले तर क्रँकचे ३० कोटी फेरे झाले. टेन्शनरची कप्पी लहान असते, तीही याच पटीत फिरते. तिच्या बेअरिंगमध्ये कारखान्यात एकदा भरलेलं ग्रीस असतं; पुन्हा भरायची सोय नाही, उष्णतेने ते सुकत जातं. बोटाने फिरवून कप्पी गुळगुळीत लागली म्हणजे ती आज ठीक आहे, एवढंच कळतं. तिला आणखी ३० कोटी फेरे झेपतील का, हे बोटाला कळत नाही. आणि मधल्या काळात ती कव्हरच्या आड असते. तिथे रोज कोण डोकावणार?

नोलन-हीप यांचा अहवाल इथे मालकाला सोडून जातो. वयाची मुदत निरर्थक ठरली ती मुख्यतः गुंतागुंतीच्या, अनेक कारणांनी बिघडू शकणाऱ्या उपकरणांबाबत. ज्या साध्या भागाची मरण्याची एकच ठळक रीत असते, तो झिजतो आणि त्याला मुदत घालणं शहाणपणाचं, हे त्याच अहवालात आहे. सीलबंद बेअरिंग बव्हंशी याच जातीचं. शिवाय बिघाडाची शक्यता पाहून ते थांबले नाहीत. परिणाम काय होतो हा प्रश्न त्यांच्या पद्धतीच्या मुळाशी होता.

वॉडिंग्टन तर चक्क उलटतात. उघडणंच जर धोक्याचं असेल, तर इंजिन कमीत कमी वेळा उघडलं पाहिजे. जुनी कप्पी ठेवणारा मालक मधेच, ५० हजारावर आवाज आला म्हणून, पुन्हा कव्हर काढायला लावतो. पुन्हा टायमिंगच्या खुणा जुळवणं, पुन्हा ताण देणं, पुन्हा मानवी चुकीला आमंत्रण. नव्या भागात खोट निघू शकते हे मान्य, म्हणूनच किट नावाजलेल्या कंपनीचं आणि बिलासह घ्यावं. त्यासाठी झिजलेला भाग ठेवून देणं हा उपाय नव्हे.

हाच निकष मेस्त्रीलाही लगाम घालतो. जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेल इंजिनात पाण्याचा पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो, टायमिंग बेल्टवर नाही. तिथे टेन्शनर आणि आयडलर बदला, पण पंप गळत नसेल तर सवयीने किटमध्ये घालायचं कारण नाही. स्विफ्टच्या १.३ डिझेलला तर चेन आहे. तिथे हा वादच उद्भवत नाही.

अडचण उरते ती कॅम आणि क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलची. ती बेल्टच्या वाटेवर नाहीत, पण गळली तर तेल बेल्टवर येतं आणि रबर फुगून खराब होतं. स्वस्त आहेत म्हणून सरसकट बदलावीत असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही: जुनं सील उचकटताना शाफ्टवर ओरखडा पडला तर नवं सीलही गळतं, आणि वॉडिंग्टनचा इशारा इथे पुरेपूर लागू पडतो. सील कोरडं असेल तर राहू द्यावं, ओलसर असेल तर बदलावं. ते कोरडं आहे की ओलं, हे बेल्ट उतरल्यावर मालकाने स्वतः बोट लावून पाहावं. मेस्त्रीला त्यात राग येण्यासारखं काही नाही.