वैनगंगेकाठचे वंगीय

चामोर्शीच्या आठवडे-बाजारात मराठी, गोंडी आणि तेलुगू या भाषा पूर्वीपासूनच कानी पडत. चौथी, बंगाली, तेथे आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात; आणि ती व्यापाराच्या वाटेने नव्हे, तर निर्वासितांच्या पाठीवरील बोचक्यांबरोबर आली.

१९६३ च्या डिसेंबरात श्रीनगरच्या हजरतबल मशिदीतील पवित्र केश नाहीसा झाला, आणि त्याचा वणवा शेकडो कोस दूर, पूर्व पाकिस्तानातील खुलना व ढाका येथे १९६४ च्या जानेवारीत पेटला. दैवाचा खेळ असा की, ज्यांनी काश्मीर स्वप्नातही पाहिले नव्हते, त्या भातशेतकऱ्यांना व कोळ्यांना घरदार सोडावे लागले. रायपूरजवळच्या माना छावणीत दिवस कंठून त्यांच्यापैकी काही कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसविली गेली. चामोर्शी, घोट, मुलचेरा या बाजूची ती वने २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात मोडतात.

जेथे गोंड-माडियांची गुरे चरत व मोहफुले वेचली जात, तेथे नांगर फिरला. पाहुण्यास जागा मिळाली तरी घरधन्याच्या मनात सल राहणे स्वाभाविकच होते, आणि ती अगदी निमाली असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि भात हे उभयतांचे अन्न, आणि तळे हा उभयतांचा जिव्हाळा. मालगुजारांच्या जुन्या तलावांच्या मुलखात मासळीची आवड असलेला मनुष्य परका वाटावा तरी किती?

यांतील बहुसंख्य नमःशूद्र, आणि त्यांच्यापैकी अनेक मतुआ पंथाचे. ओराकांदीच्या हरिचांद ठाकुरांनी (१८१२–१८७८) हा भक्तिमार्ग चालविला. हातात काम, मुखी हरिनाम, आणि पुरोहिताचे प्रयोजन नाही, हे त्याचे सार. सावता माळ्याच्या महाराष्ट्रास ते काही नवे नव्हे. त्यांचे पुत्र गुरुचांद यांनी तर भजनाइतकाच शाळेवर भर दिला. माघ वद्य चतुर्दशीस मार्कंड्याची यात्रा भरते. फाल्गुन वद्य त्रयोदशीस मतुआंचे वारुणी स्नान येते. दोन्ही पर्वांत एका महिन्याचेच अंतर आहे.

परंतु यात्रा, बाजार आणि शेजार यांनी मनुष्य अर्धाच मिसळतो. उरलेला अर्धा भाग दप्तरात असतो. फ्रान्समधील प्रॉटेस्टंट लोक १६८५ नंतर छळास कंटाळून लंडनास गेले. तेथे प्रथम विणकरांचा मत्सर त्यांच्या वाट्यास आला, पण १७०९ च्या सुमारास पार्लमेंटाने कायदा करून परदेशी प्रॉटेस्टंटांस नागरिकत्व सुलभ केले. (तो कायदा लवकरच रद्द झाला, ही गोष्ट वेगळी.) ब्रिक लेनवर १७४३ मध्ये त्यांनी बांधलेले प्रार्थनामंदिर पुढे यहुद्यांचे झाले आणि १९७६ पासून ती मशीद आहे. तेथे नमाज पढणारे बहुतेक सिल्हेटकडचे, म्हणजे वंगदेशीयच. एकाच भूमीची लेकरे कोणी टेम्सकाठी गेली, कोणी वैनगंगेकाठी आली!

वैनगंगेकाठचे दप्तर मात्र निराळे आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून डॉ. आंबेडकर घटना समितीवर जाऊ शकले नाहीत, तेव्हा बंगालच्या कायदेमंडळाने त्यांना पाठविले, आणि त्यामागे नमःशूद्रांचे पुढारी जोगेंद्रनाथ मंडल यांची खटपट होती. फाळणीने ती जागा गेली व ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. मंडल पाकिस्तानचे कायदेमंत्री झाले. १९५० मध्ये राजीनामा देऊन तेही हिंदुस्थानात परतले. त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या याद्या निघाल्या, पण राज्यवार. पश्चिम बंगालच्या यादीत नमःशूद्र आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. यास्तव खुलन्याहून निघालेल्या दोन भावांपैकी जो नदिया जिल्ह्यात उतरला त्याच्या नातवास जातीचा दाखला मिळतो, आणि जो चामोर्शीकडे पाठविला गेला त्याचा नातू, ज्या प्रांतात आंबेडकर वाढले त्याच प्रांतात, शाळेच्या अर्जावरील तो रकाना कोरा ठेवतो.