जुना कर्नल पुसायचा नाही

डिस्क, नेटवर्क कार्ड, पडदा, आवाज या सगळ्यांशी बोलण्याचे काम लिनक्समध्ये कर्नल करतो आणि बहुतेक ड्रायव्हर त्याच्याच पोटात असतात. म्हणूनच कर्नल अपडेट झाला की काल बिनतक्रार चालणारे हार्डवेअर आज रुसून बसू शकते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये पहिला कर्नल बाहेर काढला, तेव्हापासून ही तक्रार चालत आली आहे. ती सोडवण्याची रीत मात्र पार बदलली.

नव्वदच्या दशकात कर्नल बहुधा स्वतःच कंपाइल करावा लागे. मशीन सुरू करून देणाऱ्या लिलो या प्रोग्रामकडे कर्नलची फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे याची नोंद असे. नवी फाइल ठेवली आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला, की मशीन बूटच होत नसे. लिलोच्या नावाची चार रोमन अक्षरे टप्प्याटप्प्याने पडद्यावर उमटत आणि गाडी कितव्या अक्षरावर अडली यावरून जाणकार दोष ओळखत. जुन्या कर्नलची नोंद लिलोच्या यादीत राहू द्यायची, ही शिस्त तेव्हाच रुजली.

त्या काळी २.४ सारखे सम आकडे स्थिर कर्नलचे आणि २.५ सारखे विषम आकडे प्रयोगाचे असत. २००४ मध्ये ही पद्धत सोडून दिली गेली आणि नवे बदल दर दोन-तीन महिन्यांनी थेट मुख्य आवृत्तीत येऊ लागले. २००७ मध्ये फेडोरा ७ आले, तेव्हा जुन्या आयडीई डिस्कचे काम नव्या ड्रायव्हरकडे गेले आणि ‘एचडीए’ची ‘एसडीए’ झाली. डिस्क धडधाकट, केबल धडधाकट, फक्त नाव बदललेले; तरी जुन्या नावावर विसंबलेली मशीन अडकली. डिस्क नावाऐवजी लेबलने किंवा यूयूआयडी या खास ओळख-क्रमांकाने ओळखण्याची सवय अशा अडचणींतून पक्की झाली.

खरी धास्ती बसली ती २००८ मध्ये. २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या चालवणाऱ्यांची इंटेलची काही नेटवर्क कार्डे कायमची बंद पडू लागली. कार्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूर बिघडत होता, त्यामुळे जुन्या कर्नलवर परतण्याचा हुकमी उपायही फुकट. संशय आधी ई१००० ई या ड्रायव्हरवर गेला, मग ग्राफिक्सवर. गुन्हेगार निघाला तिसराच: एफट्रेस, म्हणजे कर्नलची फंक्शने कशी चालतात याचा माग ठेवणारी सोय. ड्रायव्हर सुरू होताना लागणारा कोड काम झाले की मेमरीतून काढला जातो, पण त्याचे पत्ते एफट्रेसच्या वहीत तसेच राहत. तेच पत्ते पुढे कार्डाच्या मेमरीला मिळाले आणि एफट्रेसने कोड समजून तिथे लिहिले. कार्डाच्या मेमरीला आधी कुलूप लावले गेले. ९ ऑक्टोबरला २.६.२७ प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठच्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद केला गेला.

नेमका कोणता बदल नडला हे शोधायचे हत्यार २००५ पासून हाताशी होते. कर्नलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या बिटकीपरचा मोफत वापर बंद झाल्यावर टोरवाल्ड्स यांनी त्याच कामासाठी गिट लिहिले आणि त्यात त्याच वर्षी ‘बायसेक्ट’ आले. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती सांगायची. गिट मधला बदल काढून देते, तो कंपाइल करून मशीन बूट करायचे आणि ‘चांगला’ की ‘वाईट’ एवढेच उत्तर द्यायचे. दर फेरीला निम्मे संशयित गळतात, त्यामुळे दहा हजार बदलांतून दोषी बदल तेरा-चौदा फेऱ्यांत सापडतो. ड्रायव्हरचे ओ की ठो न कळणाराही हे करू शकतो, आणि बायसेक्टचे खरे मोल तिथेच आहे. अधूनमधून उपटणारा दोष मात्र त्याला चकवतो. एकदा चुकून ‘चांगला’ म्हटले की पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो.

चालत असलेले काही नव्या कर्नलने मोडले तर दोष कर्नलचाच, हा टोरवाल्ड्स यांचा नियम कडक आहे. अशा तक्रारी निसटू नयेत म्हणून २०२१ पासून थॉर्स्टन लीमहुइस यांचा ‘रेग्झबॉट’ हा प्रोग्राम त्यांची नोंद ठेवतो. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये ५.१९.१२ या स्थिर म्हणवणाऱ्या आवृत्तीत इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपचे पडदे लुकलुकू लागले. पडद्याला वीज देण्या-तोडण्यातल्या वेळा चुकत होत्या. पॅनेलला इजा होऊ शकते, तेव्हा ही आवृत्ती वापरूच नका, असे इंटेलच्याच अभियंत्याने बजावले. काही दिवसांत आलेल्या ५.१९.१३ मध्ये ते बदल मागे घेतले गेले.