पन्नास सह्यांचें बळ

पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीं पुण्यांत तक्रारी वाढल्या, तेव्हां त्या सरकारकडे कोणीं व कोणाच्या वतीनें न्यावयाच्या, हा प्रश्न उभा राहिला. त्यांतूनच गणेश वासुदेव जोशी प्रभृतींनीं २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा स्थापिली. सभासदास निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. १८७६-७७ च्या दुष्काळांत सभेनें ठिकठिकाणीं माणसें धाडून लोकांच्या हलाखीची हकीकत सरकारपुढें मांडिली. तिच्या हातीं सत्ता नव्हती. होतें तें हें मुखत्यारपत्र. मीं मुलांकडून सनावळी पुष्कळ घोकून घेतली. एक गोष्ट मात्र सांगावयाची राहिली. लोकांच्या नांवें बोलूं इच्छिणाऱ्यानें आधीं लोकांच्या दारीं गेलें पाहिजे.