विक्रांतचा बॉयलर

आमच्या घरात १९७१चं युद्ध बॉयलरपासून सुरू व्हायचं. थोरले काका मुंबईला नौदलाच्या गोदीत बॉयलरच्या कामावर होते. गणपतीला मालवणकडच्या घरी आले, की रात्री भजन आटोपल्यावर आम्ही पोरं ओटीवर त्यांच्याभोवती बसायचो. आम्हाला विमानं हवी असत. काका आधी बॉयलरच्या ड्रमात शिरत.

१९७० साली ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमांना तडे सापडले. वेल्डिंगनं ते सांधता येईनात आणि नवे ड्रम ब्रिटनहून मागवण्यावाचून इलाज नव्हता. बॉयलर पेटवू नका, असा हुकूम निघाला. ड्रमात आडवं पडून, हातदिव्याच्या उजेडात बोटानं चाचपत तडा कुठवर गेलाय ते कसं बघायचं, हे काका हात हलवून दाखवत. बाहेर आल्यावर सदरा पिळावा लागे म्हणत.

जहाज मुळात ब्रिटिशांचं. ‘हर्क्युलिस’ या नावानं १९४३ साली बांधायला घेतलेलं आणि महायुद्ध संपल्यावर अर्धवट सोडून दिलेलं. १९५७मध्ये भारतानं ते विकत घेतलं, बेलफास्टला पुरं करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ला ते आपल्या नौदलात आलं.

बॉयलरवर एवढं का अडावं? विमानवाहू जहाजाची धावपट्टी आखूड. विमान फेकायला कॅटापल्ट असतो, पण समोरून वारंही जोरात यावं लागतं. म्हणून जहाज वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून पळतं. ‘विक्रांत’ची मूळ ताकद चोवीस नॉट्सच्या वर होती. मार्च १९७१मध्ये कमी दाबावर बॉयलर पुन्हा पेटवले, चाचण्या झाल्या आणि वेगाला चौदा नॉट्सची मर्यादा घातली गेली. असं जहाज लढाईत न्यावं का, यावर नौदलात खूप खल झाला. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांनी ते न्यायचं ठरवलं. माझ्या मते त्या युद्धातला हा सर्वांत धाडसी निर्णय होता. दुखरे बॉयलर आणि ते सांभाळणारी माणसं, दोघांवरही त्यांनी भरवसा टाकला.

‘विक्रांत’ला बुडवायला निघालेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली. ‘विक्रांत’ तेव्हा तिथं नव्हतीच. ४ डिसेंबरला तिच्यावरून आठ सी हॉक विमानं कॉक्स बाजारवर गेली, संध्याकाळी चितगाव बंदरावर हल्ला झाला. पुढं खुलना, मोंगला. फ्रेंच बनावटीची अलीझे विमानंही तिच्यावर होती. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद झाली.

आम्ही पोरं इथं टाळ्या वाजवायचो. काका मात्र म्हणत, “इमानां सगळ्यांनी बघितली, पण खालचो जाळ कोणी बघितलो?”

‘विक्रांत’वरच्यांना त्या युद्धात दोन महावीरचक्रं आणि बारा वीरचक्रं मिळाली. ती योग्यच होती. पण तडे गेलेल्या ड्रमांपाशी पाळीमागून पाळी काढणाऱ्या गोदीतल्या फिटरांची आणि बॉयलरवाल्यांची नावं जहाजाच्या गोष्टीत कुठं येत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

३१ जानेवारी १९९७ला जहाज निवृत्त झालं, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभं राहिलं आणि २०१४मध्ये भंगारात निघालं. त्याच लोखंडातून घडवलेलं स्मारक २०१६पासून फोर्टात लायन गेटजवळ उभं आहे. तुमच्या घरात कुणी गोदीत राबलेलं असेल, तर त्यांना तिथं घेऊन जा आणि ते सांगतील ते नावानिशी लिहून ठेवा.