चिंता, विषण्णता आणि औषधाची निवड

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण जेव्हां रूढ झाली, तेव्हां अमरावतीच्या आणि अकोल्याच्या कापूसबाजारांत पैसा खेळत होता. परंतु त्या संपन्न प्रांतांत मनाच्या दुखण्यावर इलाज कोठें होत असे, असें विचारलें तर उत्तर मिळतें तें नागपूरचें. १८६४ सालीं नागपुरास मनोरुग्णांचें इस्पितळ निघालें. तीन वर्षांनीं, १८६७ सालीं, मुंबईची आगगाडी अकोला आणि बडनेरा ओलांडून नागपुरास पोंचली. घरांतील माणूस भ्रमिष्ट झालें कीं वऱ्हाडकरांना ही वाट मोकळी झाली. पण ती वाट वेडाची होती. ज्याला वेड लागलेलें नाहीं, परंतु ज्याची झोप उडाली आहे, छाती धडधडते आहे, हातचें काम सुटलें आहे आणि जगण्यांतला रस आटला आहे, अशा माणसाला त्या वाटेचा उपयोग नव्हता. 'मनाला लावून घेऊं नकोस' एवढ्या उपदेशावर त्याची बोळवण होई.

ह्या दुखण्याचीं अंगें दोन. चिंता उद्यांच्या भयानें मनुष्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. विषण्णता त्याला उठूं देत नाहीं. हीं दोन्ही पुष्कळदां एकाच देहांत नांदतात. अशा वेळीं विषण्णतेवर उपचार चालू असतां चिंतेसाठीं निराळें औषध द्यावें काय, आणि द्यावयाचें तर कोणतें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ डॉक्टरांचा वाटतो. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे तो साऱ्या घराचा आहे हें ध्यानांत येतें.

पहिला धडा आपल्याच देशांतील एका मुळीनें दिला. सर्पगंधेचा उपयोग रक्तदाबावर आणि उन्मादावर होतो, असें कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं रक्तदाबावरील आपला अनुभव विलायतेंतील हृदयरोगविषयक नियतकालिकांत मांडला, आणि जगाचें लक्ष ह्या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तें मन शांत करी. परंतु १९५४ सालीं अमेरिकेंतून वृत्त आलें कीं, रक्तदाबासाठीं तें मोठ्या प्रमाणांत फार दिवस घेणारे कांहीं रोगी विषण्ण झाले. दुसऱ्याच वर्षीं लंडनच्या एका परीक्षणांत चिंतातुर आणि विषण्ण रोग्यांना त्याच द्रव्यानें गुण आल्याचें दिसलें. हा वाद पुढें अनेक वर्षें चालला. त्यांतून एवढें मात्र उमगलें कीं, मन शांत होणें आणि मन बरें होणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

१९५७ सालीं स्विस मनोवैद्य रोलांड कून ह्यांनीं इमिप्रामीन ह्या द्रव्यानें विषण्णता हटते असें दाखविलें. हें औषध सावकाश काम करी. गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागत. उलट १९६० सालीं बाजारांत आलेलें क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ सालचें डायझेपाम हीं चिंतेवर तासाभरांत उतारा देत. घाबरलेल्या माणसाला तासाभराचा उतारा सोडून आठवड्यांची वाट कोण पाहावयास सांगणार? हां हां म्हणतां ह्या गोळ्या जगभर पसरल्या, आणि 'झोपेची गोळी' ह्या नांवानें आपल्याकडील घरांतही शिरल्या. त्यांचें दुसरें रूप मागाहून दिसलें. शरीर गोळीला सरावतें, मात्रा वाढवावी लागते, आणि गोळी एकदम बंद केली तर पहिल्याहून मोठी चिंता, निद्रानाश, क्वचित् झटकेही येतात. १९८८ सालीं ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीनें हीं औषधें दोन ते चार आठवड्यांपलीकडे चालवूं नयेत असा इशारा दिला. भारतांत २०१४ पासून डायझेपाम, अल्प्राझोलाम इत्यादि औषधें 'एच-१' ह्या यादींत आहेत; चिठ्ठीवांचून तीं विकतां येत नाहींत, आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते.

ह्याच सुमारास एक अनपेक्षित गोष्टही उघडकीस आली होती. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत न्यूयॉर्कचे डोनाल्ड क्लाइन ह्यांना आढळलें कीं, एकाएकीं येणारे भयाचे झटके इमिप्रामीननें थांबतात. म्हणजे विषण्णतेचें औषध चिंतेवरही चालत होतें. १९८७ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें फ्लुओक्सेटीन आणि त्याच्या वर्गांतील पुढचीं औषधें ह्यांनीं ही गोष्ट पक्की केली. त्यामुळें आज प्रश्नाचें रूपच पालटलें आहे. दोन दुखण्यांना दोन औषधें शोधण्याआधीं, दोहोंना पुरेल असें एकच औषध नीट मात्रेनें आणि पुरेसे दिवस दिलें आहे कीं नाहीं, हें डॉक्टर पाहतात. पहिल्या कांहीं आठवड्यांत, तें औषध लागू पडेपर्यंत, सोबत शांतवणारी गोळी दिली तर रोगी उपचार अर्ध्यावर सोडण्याचें प्रमाण घटतें. पण त्या आठवड्यांपलीकडे तिचा विशेष लाभ दिसत नाहीं. ती कुबडी आहे, पाय नव्हे.

वऱ्हाडांत ह्या निवडीला आणखी एक धार आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भांत आले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. कर्ज, पाऊस आणि कापसाचा भाव हीं दुःखाचीं कारणें गोळीनें मिटत नाहींत, हें उघड आहे. परंतु जेथें फवारणीचें विष घरांतच असतें, तेथें औषधही जपून निवडावें लागतें. इमिप्रामीन, अमिट्रिप्टिलीन ह्या जुन्या औषधांचा कांहीं आठवड्यांचा सांठा एकदम पोटांत गेला तर हृदय बंद पडूं शकतें; फ्लुओक्सेटीनच्या बाबतींत हा धोका पुष्कळ कमी आहे. शांतवणारी गोळी दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो. आणि कोणतेंही विषण्णतानाशक औषध सुरू झाल्यावर, विशेषतः पंचविशीच्या आंतील रोग्यांत, पहिल्या आठवड्यांत अस्वस्थता वाढूं शकते. म्हणून त्या दिवसांत सोबत हवी.

ही सोबत डॉक्टरांच्या तुटवड्यांत कोणी द्यावी, ह्याचें उत्तर गोव्यांतून आलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या गोव्यांतील परीक्षणांत चिंता-विषण्णतेच्या ४५० रोग्यांपैकीं ज्यांना फ्लुओक्सेटीन मिळालें, त्यांना दोन महिन्यांअखेर नकली गोळी घेणारांपेक्षां अधिक गुण आला. २०१० च्या दुसऱ्या परीक्षणांत, थोडें शिक्षण घेतलेल्या साध्या समुपदेशकांनीं सरकारी दवाखान्यांत रोग्यांचा पाठपुरावा केल्यावर, सहा महिन्यांत बरे होणारांचें प्रमाण शेंकडा ४२.५ वरून ६५.९ वर गेलें. तीच रीत 'विश्राम' ह्या नांवानें अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत नेण्यांत आली. गांवांतील कार्यकर्ते प्रथम विचारपूस करीत, समुपदेशक बंद पडलेलीं कामें हळूहळू पुन्हां सुरू करण्यास मदत करीत, आणि ज्यांना गोळ्यांची गरज असे ते मनोवैद्यांपर्यंत पोंचत. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेला परिणाम असा : विषण्णांपैकीं उपचारापर्यंत पोंचणारे आरंभीं शेंकडा ४.३ होते, ते अठरा महिन्यांनीं २७.२ झाले, आत्महत्येचे विचार मनांत येणारे शेंकडा ५.२ वरून २.५ वर आले. २०१५ पासून राज्यशासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पांत आशा सेविकाही अशी विचारपूस करूं लागल्या. आज १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनीनेंही सल्ला मिळतो.

नागपूरच्या वाटेपासून गांवांतल्या ओट्यापर्यंत येण्यास दीडशें वर्षें लागली. औषध कोणतें, हें डॉक्टर ठरवितील. तें मनानें सुरू करूं नये आणि मनानें बंदही करूं नये. परंतु सांठा आठवड्याचा आणावा कीं महिन्याचा, डबी कोणाच्या हातीं ठेवावी, फवारणीचें विष कोणत्या कुलपांत असावें, आणि पहिले तीन आठवडे रोग्याजवळ रात्रीं कोणी निजावें, हें घरच्यांनींच ठरवावयाचें असतें.